तटाच्या आतले भोपाळ

मराठी इतिहासवाचकाची भोपाळशी पहिली ओळख होते ती रणांगणावर. डिसेंबर १७३७ मध्ये दिल्लीच्या बादशहाने दक्षिणेतून बोलावून घेतलेला निजाम-उल्-मुल्क मोठ्या फौजेनिशी माळव्यात उतरला आणि बाजीराव पेशव्याने त्याला भोपाळपाशी गाठले. निजामाने शहराचा आणि तलावाचा आश्रय घेऊन तळ दिला. त्याचा तोफखाना भारी होता. म्हणून बाजीरावाने त्याच्या तळावर थेट हल्ला न चढविता भोवतालच्या वाटा रोखून धान्य आणि वैरण तोडली. दक्षिणेकडून निजामाला कुमक मिळू नये, याची व्यवस्था चिमाजीअप्पाकडे होती. अखेर उपासमारीने हैराण झालेल्या निजामाने दोराहा सराई येथे जानेवारी १७३८ मध्ये तह केला. नर्मदा आणि चंबळ यांमधील मुलूख आणि पन्नास लक्ष रुपये खंडणी, ही त्या तहातील मुख्य कलमे मराठी शाळांतील मुलांनाही परिचित आहेत.

ही हकिकत खरी आहे. परंतु ती तटाबाहेरच्या छावणीतून सांगितलेली आहे. तटाच्या आत कोण राहत होते, ते शहर कोणी वसविले, वेढ्यानंतर तेथे काय झाले, या प्रश्नांकडे मराठी ग्रंथांचे लक्ष फारसे गेले नाही. वास्तविक त्या वेळी भोपाळच्या गादीवर असलेला यार मोहम्मद खान हा पूर्वी निजामाच्या दरबारी ओलीस म्हणून राहिलेला होता, आणि १७२८ मध्ये त्याचे वडील दोस्त मोहम्मद खान वारल्यानंतर निजामाच्या पाठिंब्यानेच तो सत्तेवर आला होता. निजामाने आश्रयासाठी भोपाळच का निवडले, याचे उत्तर या नात्यात आहे. अशा उत्तरांचा शोध घ्यावयाचा तर तटाच्या आत पाऊल टाकावे लागते. आणि भोपाळच्या जुन्या शहरात ते आजही पायीच टाकावे लागते.

या जुन्या भागाला ‘शहर-ए-खास’ म्हणत. अलीकडच्या काळात येथे जाणकार मार्गदर्शकांच्या सोबतीने वारसाफेऱ्या निघतात. दहा-वीस जणांचा घोळका, पुढे एखादा वाटाड्या, आणि दोन-तीन तासांची सावकाश चाल, असे त्यांचे सामान्य रूप असते. मोटारीतून येथील गल्ल्यांत शिरणे कठीण आणि शिरले तरी काही दिसणे अशक्य. सज्जाखालचे कोरीव लाकूड किंवा बंद पडलेल्या दारावरचा शिलालेख हे सारे थांबून मान वर केल्याशिवाय नजरेस येत नाही. फेरीचा क्रम कालक्रमाला धरून नसतो. कित्येकदा शंभर पावलांत दोन शतके ओलांडली जातात. त्यामुळे ऐकणाऱ्याने सनावळीचा धागा आपल्या मनात धरून ठेवावा लागतो.

बहुधा आरंभ होतो तो दोन तलावांच्या मधल्या बांधावर. पश्चिमेकडचा मोठा तलाव अकराव्या शतकातील परमार राजा भोज याने बांधविला, अशी परंपरा आहे. ‘पाल’ म्हणजे बांध. भोजाचा पाल तो भोजपाल, आणि त्याचे भोपाळ, ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी आहे. २०११ साली या तलावाला ‘भोजताल’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. पूर्वेकडचा लहान तलाव मात्र बराच अलीकडचा आहे. नवाब हयात मोहम्मद खानाचा मंत्री छोटे खान याने १७९४ मध्ये बांध घालून तो निर्माण केला. एकाच ठिकाणी उभे राहून दोन्हीकडे पाहिले की सातशे वर्षांच्या अंतराने झालेली दोन कामे शेजारी शेजारी दिसतात.

याच बांधावर राणी कमलापतीचा महाल आहे. कमलापती ही गिन्नोरगढच्या निजाम शाह या गोंड राजाची विधवा. पतीचा घात झाल्यावर तिने अफगाण सरदार दोस्त मोहम्मद खान याचे साहाय्य घेतले, आणि त्याचा मोबदला देताना भोपाळ हे गाव त्याच्या हाती आले, असे सांगितले जाते. १७२३ मध्ये तिचा अंत झाला. या अंताच्या दोन कथा आहेत. नवाबी परंपरेच्या कथनात ती खानाच्या संरक्षणाखाली मानाने राहिली. लोककथेत मात्र अब्रू राखण्यासाठी तिने जलसमाधी घेतली. २०२१ मध्ये हबीबगंज रेल्वे स्थानकाला राणी कमलापतीचे नाव देण्यात आल्यापासून दुसरी कथा अधिक ऐकू येते. वाटाड्याची खरी कसोटी येथे लागते. एकच कथा रंगवून सांगणारा वाटाड्या श्रोत्यांची दाद मिळवितो; दोन्ही कथा सांगून त्या कोणी व कशासाठी जपल्या, हे उलगडून दाखविणारा वाटाड्या श्रोत्यांना इतिहास शिकवितो.

नागपूरकडच्या वाचकाला ही गोंड पार्श्वभूमी परकी वाटणार नाही. नागपूर शहराचा पाया गोंड राजा बख्त बुलंद याने घातला आणि पुढे ते रघूजी भोसल्यांची राजधानी झाले. भोपाळातही गोंडांच्या भूमीवर नवे राज्य उभे राहिले. साम्य येथेच संपत नाही. शहर-ए-खासच्या मोहल्ल्यांची नावे ऐकावीत: इतवारा, सोमवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. जुमेरात म्हणजे गुरुवार. नागपूरला इतवारी, बुधवारी, शुक्रवारी आहेत. पुण्याला सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार या पेठा आहेत. जानेवारी १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा भोपाळचा तट अवघा काही वर्षांचा होता. ज्या दोन शहरांच्या फौजा १७३७ मध्ये समोरासमोर आल्या, त्यांना आपापल्या वस्तीला वारांचीच नावे द्यावीशी वाटली, ही गोष्ट युद्धवर्णनात सापडत नाही.

बांधावरून तलावाच्या काठाने पुढे गेले की गौहर महाल लागतो. भोपाळच्या इतिहासातील एका असाधारण पर्वाचा आरंभ या वास्तूपासून होतो. ११ नोव्हेंबर १८१९ रोजी तरुण नवाब नजर मोहम्मद खान पिस्तुलाची गोळी अपघाताने लागून मरण पावला. त्याची पत्नी गौहर बेगम, जी पुढे कुदसिया बेगम म्हणून ओळखली गेली, तेव्हा केवळ अठरा वर्षांची होती आणि मुलगी सिकंदर अगदीच लहान. गादी पुरुष नातलगाकडे जाणार, अशी सर्वांचीच अपेक्षा असता या विधवेने आपली मुलगी हीच वारस असल्याचे जाहीर केले आणि कारभार हाती घेतला. गौहर महाल १८२० चा, म्हणजे सत्ता घेतल्यानंतर लगेचचा आहे. हिंदू आणि मोगल शैलींचा त्यात मेळ आहे. आतल्या चौकात उभे राहिले की कोरीव लाकडी खांब आणि कमानी दिसतात, आणि सज्जातून तलावाचा वारा येतो. पडझडीनंतर त्याची दुरुस्ती झाली असून आता तेथे हातमाग आणि हस्तकलेची प्रदर्शने भरतात.

या तरुण विधवेच्या धैर्याचे मूळ शोधताना मराठी वाचकाला पुन्हा एका वेढ्याकडे जावे लागते. १८१२-१३ मध्ये ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला होता. नजर मोहम्मदाचा पिता वजीर मोहम्मद खान याने मूठभर लोकांनिशी हा वेढा अनेक महिने सोसला. धान्य संपले, शहर ओस पडत गेले, तटाला खिंडारे पडली. तरीही वेढा घालणाऱ्यांना अखेर परतावे लागले. जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात या प्रतिकाराचे वर्णन केले आहे. तटावर चढून आलेल्या हल्लेखोरांना स्त्रियांनी दगड फेकून मागे लोटले, ही आठवण भोपाळात आजही अभिमानाने सांगितली जाते. त्या वेळी कुदसिया अकरा-बारा वर्षांची होती. १७३७ चा वेढा मराठी स्मृतीत विजय म्हणून राहिला. १८१२ चा वेढा मात्र मराठी स्मृतीतून जवळजवळ पुसला गेला. भोपाळच्या स्मृतीत याच्या नेमके उलटे आहे. दोन्ही वेढे खरे आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या शतकाचे चित्र पुरे होत नाही. १८१८ मध्ये भोपाळने इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण का पत्करले, हेही मग समजू लागते. ज्यांच्या भयाने तो तह झाला, त्यांत पुणे, ग्वाल्हेर आणि नागपूर यांचाही वाटा होता.

गौहर महालापासून जवळच इकबाल मैदान आहे. पूर्वी याला खिरनीवाला मैदान म्हणत. मोती महाल, शौकत महाल आणि शीश महाल या राजवाड्यांनी ते वेढलेले आहे. शौकत महालाच्या दर्शनी भागावर युरोपीय धाटणीची छाप स्पष्ट दिसते. तो एका फ्रेंच माणसाच्या आराखड्याप्रमाणे बांधला गेला, अशी आख्यायिका आहे. फ्रान्सच्या राजघराण्याशी नाते सांगणारे बूरबाँ घराणे भोपाळच्या सेवेत पिढ्यानपिढ्या होते, एवढे मात्र निश्चित. शीश महालात १९३० नंतरच्या दशकात कवी इकबाल यांनी मुक्काम केला होता. घशाच्या आजारावर उपचार घेण्यासाठी ते भोपाळला येत. नवाब हमीदुल्ला खान यांनी त्यांना दरमहा पाचशे रुपयांचे मानधन बांधून दिले होते, आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘जर्ब-ए-कलीम’ हा संग्रह इकबाल यांनी त्यांनाच अर्पण केला. याच परिसरातील सदर मंजिल ही बेगमांच्या दरबाराची इमारत अनेक वर्षे नगरपालिकेचे कार्यालय म्हणून वापरात होती.

मैदानापासून थोड्या अंतरावर मोती मशीद आहे. १८६० मध्ये कुदसियाची कन्या सिकंदर बेगम हिने ती बांधविली. रचना दिल्लीच्या जामा मशिदीच्या धर्तीची, परंतु आकार आटोपशीर. येथे उभे राहिल्यावर १८५७ चा विषय टाळता येत नाही. सिकंदर बेगमने त्या वर्षी इंग्रजांची बाजू घेतली. तिच्या राज्यातील सीहोरच्या फौजेत मात्र बंड झाले आणि बंडवाल्यांनी ‘सिपाही बहादूर’ नावाचे आपले सरकार उभारले. जानेवारी १८५८ मध्ये ह्यू रोज सीहोरला आला, पकडलेल्या शिपायांना त्याने गोळ्या घातल्या, आणि तेथून राहतगढ, सागर असे करीत तो झाशीवर चालून गेला. झाशीच्या वेढ्याची कथा मराठी माणसाला पाठ असते. तो वेढा घालणारी फौज कोणत्या वाटेने आली, हे भोपाळच्या रस्त्यावर उमगते. सिकंदर बेगमला या निष्ठेचे फळ मिळाले. १८६० मध्ये तिला स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळाली आणि बेरसियाचा परगणा तिच्या राज्यास जोडला गेला. तिला केवळ इंग्रजांची बाहुली म्हणून मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. ती पडदा पाळीत नसे, घोड्यावर बसून मुलूख फिरे, आणि तिने शेतसाऱ्याची नवी घडी बसविली. १८६३-६४ मध्ये ती हजला गेली, आणि तिने लिहिलेला त्या यात्रेचा वृत्तान्त १८७० मध्ये इंग्रजी भाषांतराच्या रूपाने लंडनला छापला गेला.

वाचनालयाच्या सभासदांना या घराण्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, असे कारण येथेच आहे. मधली सात वर्षे सोडली तर १८१९ पासून १९२६ पर्यंत भोपाळवर चार स्त्रियांनी राज्य केले, आणि त्यांतील तिघींनी लेखणीही चालविली. सिकंदरची कन्या शाहजहान बेगम हिने राज्याचा इतिहास लिहिला आणि स्त्रियांसाठी ‘तहजीब-उन्-निस्वाँ’ हा ग्रंथ रचला. तिची कन्या सुलतान जहान बेगम हिने आपल्या आईचे आणि पणजीचे चरित्र लिहिले. १९२० मध्ये ती अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. सांचीचा स्तूप भोपाळ राज्यातच होता, आणि तेथील जीर्णोद्धाराला आणि प्रकाशनांना या बेगमांनी द्रव्यसाहाय्य केले. राजवाडे कालांतराने कोसळतात. परंतु आपल्या घराण्यातील स्त्रियांची हकिकत स्त्रियांनीच लिहून ठेवल्याचे उदाहरण हिंदुस्थानातील संस्थानांत सहसा आढळत नाही.

येथून वाट चौकात शिरते. शहराच्या मधोमध कुदसिया बेगमेने बांधविलेली जामा मशीद आहे. उंच चौथऱ्यावर प्रार्थनास्थळ आणि चौथऱ्याच्या पोटात रस्त्याला तोंड करून दुकाने, अशी तिची रचना. भोवतालच्या बाजारात जरीकाम, मण्यांचे व कशिद्याचे भोपाळी बटवे, चांदीचे दागिने यांची दुकाने लागून लागून आहेत. चहाच्या टपरीवर नमकाची चव असलेला चहा मिळतो. पहिल्या घोटाला पाहुणा दचकतो, दुसऱ्याला सरावतो. अनेक जुन्या दुकानांपुढे आणि घरांपुढे दगडी फरशा बसविलेल्या असतात. त्यांना ‘पटिये’ म्हणतात. दुकाने मिटली की याच पटियांवर रात्री उशिरापर्यंत शेरोशायरी, राजकारण आणि हॉकी यांवर गप्पा रंगत. आपल्याकडच्या पाराची आणि वाड्याच्या ओट्याची जागा भोपाळात या फरशांनी घेतली होती. रस्ते रुंद करताना आणि जुनी घरे पाडताना त्यांतल्या कितीतरी निघाल्या. पटिया निघाला की दगडाबरोबर संध्याकाळची बैठकही मोडते, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

येथले मूळ रहिवासी स्वतःला ‘बर्रूकाट भोपाली’ म्हणवून घेतात. बर्रू नावाचे उंच गवत कापून ज्यांनी ही वस्ती वसविली, त्यांचे वंशज असा त्याचा अर्थ. बर्रूच्या काडीचीच लेखणी होई. मराठी कारकुनाने मोडी दप्तरे ज्या बोरूने लिहिली, तो बोरूही असाच गवताच्या जातीचा. म्हणजे शहर वसविण्यासाठी जे कापावे लागले, त्यातूनच शहराची हकिकत लिहिण्याचे साधन मिळाले.

चौकातून जुमेराती दरवाजाकडे जाता येते. तटाचा बहुतेक भाग आज उरलेला नाही. काही दरवाजांची केवळ नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली आहेत. जुमेराती दरवाजा मात्र बाजाराच्या गर्दीत अजून उभा आहे. हातगाड्या, दुचाक्या आणि पायी चालणारे त्याच्या कमानीखालून दिवसभर ये-जा करतात. वाटाड्याने बोट दाखविले नाही, तर हा शहराच्या वेशीचा दरवाजा होता, हे नवख्याच्या लक्षातही येणार नाही.

भोपाळातील बहुसंख्य मराठी कुटुंबे या वेशीच्या आत कधी राहिली नाहीत. १ जून १९४९ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. नागपूरची कचेरी भोपाळला हलली, तिच्याबरोबर शेकडो मराठी कर्मचारी आले. ग्वाल्हेर आणि इंदूरकडूनही आले. त्यांच्यासाठी नवे निवास उभे राहिले, आणि त्या नव्या वसाहतीला तात्या टोपे यांचे नाव दिले गेले. १८५७ मध्ये ज्या राज्याने इंग्रजांची बाजू घेतली, त्याच्या राजधानीत त्या युद्धातील मराठी सेनानीच्या नावाची वसाहत उभी राहिली. या कुटुंबांचे जुन्या शहराशी नाते बहुधा बाजारहाटापुरते राहिले. तीन पिढ्या भोपाळात काढूनही शहर-ए-खास न पाहिलेली घरे आहेत. १७३७ मध्ये मराठे तटाबाहेर होते. १९५६ नंतरही एका अर्थाने ते तटाबाहेरच राहिले. अंतर कोसांचे नव्हते, सवयीचे होते.

फेरीचा शेवट फतेहगढाकडे व्हावा हे उचित. दोस्त मोहम्मद खानाने आपली पत्नी फतह बीबी हिच्या नावाने हा किल्ला बांधला. आज त्या टेकडीवर गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय आहे. महाविद्यालयाच्या आवारात जुन्या बुरुजाचे अवशेष आणि ‘ढाई सीढी की मस्जिद’ म्हणून ओळखली जाणारी लहानशी मशीद आहे. भोपाळमधील ती आद्य मशीद मानली जाते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा उत्तरेकडच्या वस्त्यांतून आणि या जुन्या शहरातून डोळे चोळीत, धापा टाकीत निघालेली माणसे हजारोंच्या संख्येने याच टेकडीवर आली. शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून जेथे किल्ला उभारला होता, तेथेच दोन अडीच शतकांनी शहर प्राण वाचविण्यासाठी धावले. मात्र हा शत्रू तटाने अडणारा नव्हता, आणि त्या रात्री अनेकांना तेथेही जीवदान मिळाले नाही. नवाब आणि बेगमांच्या कथा सांगून जो वाटाड्या येथे गप्प होतो, त्याची फेरी अपुरीच म्हटली पाहिजे.

ग्रंथांनी दिलेले भोपाळ खोटे नाही. रियासतकार सरदेसाईंनी बाजीरावाच्या मोहिमांचा जो पट उभा केला, त्याची थोरवी शहर-ए-खास पाहिल्याने उणी होत नाही. मात्र त्या पटात शहर हे केवळ वेढ्याचे स्थान आहे. पायी फिरणाऱ्याला ते माणसांचे गाव म्हणून भेटते. ज्या वाचनालयाने शंभर वर्षे ग्रंथांची निगा राखली, त्याच्या सभासदांना या दोन्ही वाचनांची गरज सांगावयास नको. एखाद्या हिवाळ्यात, ऊन चढण्यापूर्वी, जाणत्या वाटाड्याबरोबर जुमेरातीच्या कमानीखालून आत जावे. रियासतीचा संबंधित भाग आदल्या रात्री वाचून ठेवला असेल, तर वाटाड्याला विचारण्याजोगे प्रश्न आपोआप सुचतील. आणि परतल्यावर तोच भाग पुन्हा उघडला, तर त्यात पूर्वी न दिसलेले प्रश्नही दिसू लागतील.